केसाळ समुद्री किडा : चोळू नका, उकळू नका

‘डॉक्टर, काच लागली नाही, मासा चावला नाही, काटा तर कुठे दिसतच नाही. मग बोटांची एवढी आग कशाची?’

उरण-पनवेल भागात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला अधूनमधून ऐकायला मिळतो. पूर्वी तो विचारणारा हमखास मासेमारी करणारा असे. आता त्यात नवी भर पडली आहे. न्हावा-शेवा बंदरामुळे या भागात वस्ती वाढली, उलवे-द्रोणागिरीसारख्या ठिकाणी सदनिका झाल्या, आणि हौसेने घरात फिश टँक ठेवणारेही वाढले. गोड्या पाण्यातल्या गप्पी आणि गोल्डफिशवर समाधान न मानता काही जण खाऱ्या पाण्याचा टँक करतात. त्यात रंगीत मासे, पोवळी, समुद्रातले दगड, सगळे येते. आणि या दगडांबरोबर न बोलावलेला एक पाहुणाही येतो. तो म्हणजे केसाळ समुद्री किडा.

हा किडा सहसा जिवावर बेतत नाही. पण त्याला घाबरून माणसे जे उपाय करतात, त्यांतला एखादा मात्र खरोखर जिवावर बेतू शकतो. म्हणून आजचा लेख.

हा किडा कोण?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वलयांकित प्राण्यांचा संघ आपण शिकलो आहोत. गांडूळ, जळू आणि नेरीस ही त्याची ठरलेली उदाहरणे. त्यांपैकी गांडूळ आणि जळू आपल्या ओळखीचे, पण नेरीस कोणी पाहिलेला नसतो, कारण तो समुद्रात राहतो. आपला केसाळ किडा या नेरीसच्याच भाऊबंदांपैकी.

या प्राण्यांचे शरीर बांगड्या एकापुढे एक रचाव्यात तसे वलयांचे बनलेले असते. प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना मांसल वल्ह्यासारखे अवयव असतात, त्यांना परापाद म्हणतात. या परापादांवर ताठ केसांचे झुबके असतात. पुस्तकात त्यांना दृढरोम असे नाव आहे. गांडुळालाही दृढरोम असतात, पण ते इतके थोडे आणि बारीक की बोट फिरवल्यावर फक्त किंचित खरखर लागते. समुद्री भाऊबंदांना ते भरपूर असतात, म्हणून या गटाला पॉलिकीटा म्हणजे ‘पुष्कळ केसांचे’ असे नाव पडले.

जगात या गटाच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. काही नखाएवढ्याही नसतात, तर एक-दोन जाती तीन मीटरपर्यंत वाढतात. यांतल्या बहुतेक जाती माणसाला काहीही करत नाहीत. खरी आग होते ती प्रामुख्याने एकाच कुळातल्या किड्यांमुळे. या कुळाचे शास्त्रीय नाव ॲम्फिनोमिडी. इंग्रजीत त्यांना फायरवर्म, म्हणजे आगीचा किडा म्हणतात. उष्ण समुद्रांत दगडांखाली आणि पोवळ्यांच्या फटींत राहणारा ‘युरिथो कॉम्प्लनाटा’ हा त्यांतला प्रसिद्ध. पल्लास या जर्मन शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याचे वर्णन केले. त्याच वर्षी त्याने हिंदी महासागरातल्या ‘क्लोईया’ या जाड्या, रंगीत किड्याचेही वर्णन केले. म्हणजे या प्राण्यांची ओळख विज्ञानाला अडीचशे वर्षांहून जुनी आहे.

आग का होते?

गवतातून चालून आल्यावर धोतराला किंवा साडीला कुसळे चिकटतात, हे आपण सारे जाणतो. कुसळ आत जाते सहज, पण उलट दिशेने ओढले की अडकते. या किड्याचे केस असेच समजा, फक्त कुसळाहून कितीतरी बारीक आणि काचेसारखे ठिसूळ. त्यांच्यात चुनखडीचा अंश असतो. किडा शांत असताना केस आखडलेले असतात. त्याला धक्का लागला की तो ते फुलवतो, आणि अंगाच्या दोन्ही कडांना पांढऱ्या कापसाचे गोंडे लावल्यासारखे दिसते. बोट लागताच केस कातडीत शिरतात आणि मोडतात. वर काहीच दिसत नाही, आत मात्र शेकडो टोके रुतलेली असतात.

मग सुरू होते आग, लाली, सूज आणि खाज. काही जणांना त्या जागी मुंग्या येतात किंवा बधिरपणा येतो. आग साधारणपणे काही तासांत कमी होते. खाज आणि लाली काही दिवस, क्वचित आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकते.

हे नुसते टोचणे आहे की विषही आहे? जपानी संशोधकांनी २००८ साली युरिथोच्या शरीरातून ‘कॉम्प्लनाइन’ नावाचे दाह निर्माण करणारे द्रव्य वेगळे केले. मात्र हे द्रव्य केसांवाटे कातडीत टोचले जाते की नाही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की केस आत आहेत तोवर त्रास आहे, म्हणून पहिला उपचार म्हणजे केस काढणे.

न्हावा-शेव्याच्या चिखलात हा किडा आहे का?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. न्हावा गाव पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. मध्ये खाडी आणि चिखलाचा मोठा पट्टा. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीला जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. तरी ओहोटीला उघडा पडणारा चिखल पाहिला की त्यात आजही समुद्री गांडुळांची लहान-लहान बिळे दिसतात.

पोवळ्यांच्या खडकांना नितळ पाणी आणि भरपूर सूर्यप्रकाश लागतो. आपल्या खाडीचे पाणी गढूळ, म्हणून येथे पोवळ्यांचे खडक नाहीत आणि त्या खडकांतल्या आगीच्या किड्यांचेही हे घर नाही. चिखलातली बहुतेक समुद्री गांडुळे नेरीससारखी निरुपद्रवी असतात. ती चिखल वर-खाली करतात, कुजलेले खातात, आणि तुतवार, चिखल्या यांसारख्या पक्ष्यांचे व कित्येक माशांचे खाद्य होतात. गळाला लावायलाही अशी गांडुळे जगभर वापरतात. यांत ‘ग्लायसेरा’ नावाचा एक लालसर किडा मात्र चावतो. त्याची सोंड बाहेर येते आणि तिच्या टोकाला चार काळे दात असतात. त्या दातांत तांब्याचा अंश असतो, हे ऐकून नवल वाटेल, पण ते सिद्ध झालेले आहे. चावा मधमाशीच्या दंशासारखा दुखतो.

म्हणून खाडीत शिंपल्या वेचताना किंवा कालवे फोडताना आग झाली, तर आधी शिंपल्याची कापलेली जखम, शिंगाळ्याचा काटा, पाकटाची नांगी किंवा जाळ्याला चिकटलेले जेलीफिशचे तंतू यांचा संशय घ्यावा. खोल पाण्यातल्या ट्रॉलच्या जाळ्यात मात्र क्लोईयासारखे केसाळ किडे येऊ शकतात. जाळ्यातला माल निवडताना उघड्या हाताने ओंजळ घालणाऱ्या तांडेल-खलाशांनी आणि मासळी निवडणाऱ्या भगिनींनी रबरी हातमोजे वापरावेत, हे माझे जुनेच सांगणे आहे.

महाराष्ट्रात पोवळी पाहायची तर मालवणला जावे लागते. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालचे पठार आहे, तेथेही पोवळी आहेत. मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही काही पोवळी होती. किनारी रस्त्याच्या कामापूर्वी २०२० साली त्यांच्या अठरा वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. अशा ठिकाणी पाण्यात उतरणाऱ्याने दगड उलथू नयेत, फटीत बोटे घालू नयेत आणि सुंदर दिसते म्हणून काही उचलू नये. पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीने स्थान आहे. ती तोडणे किंवा घरी आणणे हा गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो.

घरातल्या टँकमध्ये कसा येतो?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सजावटीसाठी आणि पाणी शुद्ध राहण्यासाठी सच्छिद्र दगड ठेवतात. हौशी मंडळी त्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवंत दगड म्हणतात. दगड जिवंत नसतो, पण त्याच्या भोकाभोकांत जीवजंतू असतात. त्यांतच बोटभर, कधी वीतभर लांबीचा, गुलाबी-तपकिरी किडा दडलेला असतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री दिवा बंद करून तासाभराने टॉर्च मारला, की दगडाखालून सरपटताना दिसतो आणि मग घरात एकच गोंधळ उडतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. टँकमधले बहुतेक केसाळ किडे माशांना मारत नाहीत. ते मेलेले मासे, उरलेले खाद्य आणि घाण खातात. सकाळी मेलेल्या माशाला किडे लागलेले दिसतात आणि खापर त्यांच्यावर फुटते. प्रत्यक्षात मासा आधी मेलेला असतो. रात्रीतून रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगारासारखे त्यांचे काम आहे. त्यांची संख्या फार वाढली, तर त्याचा अर्थ एकच : आपण खाद्य जास्त टाकतो. खाद्य कमी करा, मेलेला मासा लगेच काढा, किडे आपोआप कमी होतील.

याला अपवाद आहेत. भूमध्य समुद्र आणि अटलांटिकमधला ‘हर्मोडिस’ हा आगीचा किडा जिवंत पोवळी कुरतडून खातो. ‘युनिस’ नावाचा मोठा जबड्याचा किडा तर मासे पकडतो. २००९ साली इंग्लंडमधील न्यूके येथील मत्स्यालयात पोवळ्यांचे तुकडे पडू लागले, मासे जखमी होऊ लागले. शेवटी टँकमधले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा किडा सापडला. तो कधीतरी दगडातून लहानपणी आला असावा. पण असे प्रकार क्वचित घडतात.

किडा काढायचाच असेल तर लांब चिमटा वापरा. किंवा रात्री लहान छिद्रांच्या प्लास्टिकच्या डबीत कोळंबीचा तुकडा ठेवून ती टँकच्या तळाशी सोडा आणि सकाळी डबीसकट किडे उचला. त्याचे तुकडे करू नका. युरिथोसारख्या किड्याच्या एका तुकड्यापासून पुन्हा पूर्ण किडा तयार होऊ शकतो. कापाल तर एकाचे दोन होतील.

टँकमध्ये हात घालताना कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घाला. दवाखान्यातले पातळ मोजे केसांना अडवत नाहीत.

केस रुतले तर काय करावे?

पहिली गोष्ट : चोळू नका. माणसाचा हात आपोआप दुखऱ्या जागेवर जातो, आणि येथेच घोटाळा होतो. चोळल्याने केस आणखी आत जातात, मोडतात आणि दुसऱ्या बोटांनाही लागतात. तोच हात डोळ्याला लागला तर दुखणे दुप्पट.

पुढचा क्रम असा :

१. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाहीत.

२. जागा पाण्याच्या धारेखाली हलकेच धुवा आणि न पुसता वाऱ्यावर कोरडी होऊ द्या.

३. चिकटपट्टी घ्या. ड्रेसिंगवर लावतात ती कापडी पट्टी उत्तम, नसेल तर पाकिटे बंद करण्याची रुंद टेप चालेल. ती त्या जागेवर हलकेच दाबून बसवा आणि एका दिशेने उचला. प्रत्येक वेळी नवा तुकडा घेऊन असे आठ-दहा वेळा करा. डोळ्यांना न दिसणारे केस पट्टीवर येतात. उजेडात पट्टी धरून पाहिल्यास ते चमकतात.

४. मोठे केस दिसत असतील तर बारीक चिमट्याने काढा.

५. त्यानंतर व्हिनेगर किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस ठेवतात. काहींना त्याने आराम पडतो. जखम उघडी असेल तर मात्र ते झोंबते, तेव्हा टाळा.

६. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यास दुखणे कमी होऊ शकते. पाणी ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम नको आणि ते आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे. मधुमेहींना बधिरतेमुळे चटका कळत नाही, त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये.

७. खाजेसाठी कॅलामाइन लोशन लावा. सेटिरिझिनसारखी गोळी आणि सौम्य स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. मेडिकलच्या दुकानातून कोणतीही ‘खाजेची ट्यूब’ परस्पर आणू नये.

८. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बराच काळ झाला असेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

चुना, हळद, रॉकेल, मिश्री यांपैकी काहीही लावू नका. चुन्याने कातडी भाजते आणि हळदीने जागा रंगून लाली कळेनाशी होते. डोळ्याला केस लागल्यास डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. घरी उपचार करीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

सर्वांत मोठा धोका : दगड उकळणे

उलव्यात राहणारा एक तरुण माझ्याकडे बोटांची आग घेऊन आला. चिकटपट्टीने केस काढले, मलम दिले. निघताना त्याने सहज विचारले, ‘डॉक्टर, टँकमधले सगळे दगड मोठ्या टोपात उकळून काढतो, म्हणजे किडे मरतील. चालेल ना?’ किड्यापेक्षा त्याच्या या प्रश्नानेच मी जास्त दचकलो. त्याला पुन्हा खुर्चीत बसवले आणि जे सांगितले, ते आपणा सर्वांनाही सांगतो.

टँकमधल्या दगडांवर बटणांसारखी दिसणारी, मऊ, रंगीत पोवळी चिकटलेली असतात. त्यांना झोअँथिड म्हणतात. त्यांतल्या काही जातींमध्ये ‘पॅलिटॉक्सिन’ नावाचे विष असते. हवाई बेटांवरच्या अशाच पोवळ्यातून ते १९७१ साली प्रथम वेगळे केले गेले. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन या पंपालाच उघड्या भोकात बदलून टाकते. पेशीचा तोल बिघडतो. हृदय, स्नायू, फुप्फुसे, सगळ्यांवर परिणाम होतो.

उकळण्याने हे विष नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे सूक्ष्म तुषार घरभर पसरतात आणि श्वासावाटे आत जातात. उकळते पाणी ओतणे, दगड मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे, जोराच्या फवाऱ्याने धुणे, कोरड्या ब्रशने खरवडणे, सगळे तितकेच धोक्याचे.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. अमेरिकेत अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात टँकच्या दुकानात आणि घरांत अशा बाधेच्या घटना आरोग्य खात्याने नोंदवल्या. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात एका घरात टँकमधले पोवळे साफ करताना सारे कुटुंब आजारी पडले. पोलिसांना रस्ता बंद करावा लागला आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

लक्षणे काही मिनिटांत किंवा काही तासांत दिसतात. तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, खोकला, दम लागणे, थंडी वाजून ताप, अंगदुखी, अशक्तपणा, छातीत धडधड. पाहणाऱ्याला फ्लू वाटतो. असे झाल्यास घरातल्या सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की ‘घरात समुद्री टँकचा दगड उकळला किंवा खरवडला.’ या विषावर उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. म्हणूनच कारण लवकर कळणे महत्त्वाचे. लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि घरातली कुत्री-मांजरे यांनाही बाधा होते.

त्या तरुणाने दगड उकळले नाहीत. कोळंबीच्या तुकड्याची डबी लावून आठवडाभरात बरेच किडे पकडले आणि माशांचे खाद्य निम्म्यावर आणले.

उशिरा दिसणारे आणि झपाट्याने वाढणारे

किड्याची आग आठवड्यात विसरली जाते. पण टँकमध्ये किंवा खाडीत हाताला झालेल्या बारीक जखमेतून दोन प्रकारचे जंतू शिरू शकतात, ते लक्षात ठेवावेत.

पहिला जंतू संथ. क्षयाच्या जंतूचा हा नातेवाईक, नाव ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो १९२६ साली सापडला. शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा थोड्या थंड, म्हणजे सुमारे ३० अंशांच्या जागी तो चांगला वाढतो, म्हणून हातावरच दिसतो. जखमेनंतर दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा हाताच्या पाठीवर लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही, पण बरीही होत नाही. कधी एकामागोमाग एक अशा गाठी कोपराच्या दिशेने येतात. साध्या प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स येथे कामाचा नाही. योग्य औषध काही महिने घ्यावे लागते. रुग्णाने ‘घरी फिश टँक आहे’ किंवा ‘मी मासळीचे काम करतो’ एवढे सांगितले, तरी डॉक्टरांचे निदान सोपे होते.

दुसरा जंतू झपाट्याचा. पटकीच्या जंतूच्या कुळातला ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ उबदार, मचूळ पाण्यात आढळतो. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही. पण यकृताचा आजार असलेले, नियमित दारू पिणारे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले यांच्या जखमेत तो शिरला, तर चोवीस तासांच्या आत हात सुजून लाल होतो, जांभळे फोड येतात, ताप चढतो. अशा वेळी ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणे परवडत नाही. रात्रीच रुग्णालय गाठावे.

शेतातले औषध आणि दवाखान्यातली आशा

समुद्री गांडुळांशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. जपानमध्ये गळासाठी वापरल्या जाणाऱ्या मेलेल्या समुद्री गांडुळावर बसलेल्या माश्या मरतात, असे लोकांच्या लक्षात आले होते. निट्टा या शास्त्रज्ञाने १९३४ साली त्यातले विष वेगळे केले. त्याच विषाच्या धर्तीवर कारटॅप हे कीटकनाशक तयार झाले आणि १९६७ पासून बाजारात आले. आपल्या रायगडातला शेतकरी भाताच्या खोडकिड्यासाठी ज्या औषधांची नावे घेतो, त्यांत हेही एक आहे. ते फवारताना किंवा फेकताना हातमोजे आणि नाका-तोंडावर फडके हवेच.

दुसरी गोष्ट आशेची. युरोपच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या एका समुद्री गांडुळाचे हिमोग्लोबिन माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू वाहते. फ्रान्समध्ये त्यापासून एक द्रव्य तयार करण्यात आले. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड रुग्णापर्यंत पोहोचेतो चांगल्या स्थितीत राहावे, यासाठी ते वापरतात. २०२२ साली त्याला युरोपात मान्यता मिळाली. किडा म्हटला की चिरडायचा, ही आपली सवय थोडी तपासून पाहायला हवी.

थोडक्यात लक्षात ठेवा

– उघड्या हाताने टँकमध्ये, खडकाच्या फटीत किंवा ट्रॉलच्या मालात हात घालू नये.

– आग झाली तर चोळू नये. चिकटपट्टीने केस काढावेत.

– समुद्री दगड उकळू नये, भाजू नये, खरवडू नये.

– हातावरची गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी आणि टँकची किंवा मासळीच्या कामाची माहिती आवर्जून द्यावी.

– मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल, तर खाऱ्या पाण्यातली लहान जखमही त्याच दिवशी दाखवावी.

– टँकमधले पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नये, आणि टँकचे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

घरात फिश टँक असेल, तर ही सहा वाक्ये एका कागदावर लिहून टँकच्या बाजूला चिकटवून ठेवावीत. माशांना खाद्य घालण्याचे काम घरातल्या मुलांकडे असते. त्यांनाही ती वाचता येतील.